दोन हिरवे बांबू

रामाजी गार्डांना कसलाही धक्का बसता कामा नये, एवढंच देवाजी वैद्यांनी जाताना तीनदा बजावलं होतं. पुड्या एखाद दिवस चुकल्या तरी चालतील, पण धक्का नको. आणि हे ज्याला बजावलं, त्या त्यांच्या मुलाने, चंद्रभानने, पुढे जो पराक्रम केला, तो पाहता माणसाने जपावं तरी किती, असं कोणालाही वाटेल.

डिसेंबरात एका सकाळी दात घासता घासता रामाजींच्या छातीत कळ आली आणि ते मोरीतच बसले. पंधरा दिवस काही खरं नव्हतं. मग हळूहळू श्वास जागेवर आला, तोंडात पेज जाऊ लागली. देवाजी वैद्य रोज सायकलवरून यायचे. शेवटी एक दिवस म्हणाले, "गार्डसाहेब, गाडी रुळावर आली, पण डबे अजून हलून राहिले. दीड महिना खाट सोडाची नाही." मग चंद्रभानला अंगणात नेऊन हळू आवाजात म्हणाले, "छाती लय कमजोर झाली गा. आनंदाचा असो का दुःखाचा, एका धक्क्याचं काम हाय. ध्यानात ठेव."

चंद्रभानने ते असं काही ध्यानात ठेवलं की विचारू नका. पुढच्या दाराची कडी वाजते म्हणून तिला चिंध्या गुंडाळल्या. कुकरची शिटी नको म्हणून त्याची बायको प्रेमलता पुन्हा पातेल्यात डाळ शिजवू लागली. रेडिओवरच्या बातम्या बंद. कुहीहून चुलतभावाचं पत्र आलं की आधी तो ते पडवीत उभ्याने वाचून काढायचा, आणि त्यात कोणी आजारी असेल तर ते वाक्य गाळून बापाला वाचून दाखवायचा. पाटबंधारे खात्यात बावीस वर्षं कारकुनी करून हेडक्लार्क झालेला माणूस, काळजी घ्यायची म्हणजे अशी कलमवार घ्यायचा.

बापाला मात्र यातलं काहीच दिसत नसे. रामाजींच्या तोंडी मुलासाठी एकच वाक्य होतं, "तुले काही येत नाही." चंद्रभान सातवीत होता तेव्हापासून ते चालू होतं आणि तो चव्वेचाळीस वर्षांचा झाला तरी त्यात एका शब्दाचा फरक पडला नव्हता. पेज भरवली तर गरम, पाठ पुसली तर थंड, उशी उचलली तर उंच. सुनेने तेच केलं तर चालायचं. चंद्रभानला वाईट वाटायचं, पण सांगणार कोणाला? बापाचं आपल्यावर प्रेम नाही असं चव्वेचाळिसाव्या वर्षी म्हणायचं म्हणजे लोक हसतील.

रामाजींचं प्रेम होतं ते डेलियांवर. रेल्वेत असताना अजनीच्या कॉलनीत कोणा साहेबाच्या माळ्याकडून त्यांनी कंद मिळवले होते. रिटायर झाल्यावर हुडकेश्वरच्या वाटेवर प्लॉट घेऊन घर बांधलं, तेव्हा भिंतींच्या आधी डेलियाचा वाफा आखला. तेव्हा त्या बाजूला घरं कमी आणि तुरीची शेतं जास्त होती. दर हिवाळ्यात समोरच्या कुंपणाशी अकरा झाडं छातीएवढी वाढायची आणि त्यांना ताटाएवढी फुलं यायची. डेलियाचं खोड पोकळ. एवढं जड फूल त्याला पेलत नाही. म्हणून कळी धरायच्या आधी प्रत्येक झाडापाशी बांबूची काठी रोवून त्याला बांधून घ्यावं लागतं. हे काम रामाजी कोणाला करू द्यायचे नाहीत. यंदा काठ्या रोवायच्या दिवसांत ते स्वतःच आडवे झाले होते.

आणि शहात्तर सालच्या जानेवारीत, एका सोमवारी वारं सुटलं, वरून गाराही पडल्या. मंगळवारी सकाळी प्रेमलताने खिडकी उघडली तर अकराच्या अकरा झाडं एका बाजूला कलंडलेली. दोन तर मातीला टेकली होती. रामाजींनी खाटेवरून ते पाहिलं, भिंतीकडे तोंड केलं आणि चहा परत पाठवला. दुपारची पेजही घेतली नाही.

"बाबा, मी बांधतो ना झाडं," चंद्रभान म्हणाला.

"तुले काही येत नाही," भिंतीकडे पाहतच रामाजी म्हणाले.

संध्याकाळी प्रेमलताने पेजेची वाटी पुढे करून गोड बोलून विचारलं, "मामाजी, कसं बांधतेत जी ते?" नवऱ्याला पाठवते असं ती बोलली नाही. तेव्हा म्हातारा थोडा उघडला. काठी हिरव्या बांबूची चिरावी, वाळलेला बांबू चिरताना फाटतो. सुतळी खोडाला नुसती कधी लावू नये, खोड कापलं जातं. मध्ये पांढरा मऊ कपडा घ्यावा. आणि बांधून झालं की शेणाचं पाणी द्यावं. पण शेण भिजवायचं मडकंही पावसाळ्यात फुटलं, ते कोणी आणलं नाही. एवढं बोलून त्यांनी चार घास खाल्ले आणि पुन्हा भिंतीकडे वळले.

दाराआड उभ्या चंद्रभानने सगळं मनात टिपून घेतलं. दुसऱ्या दिवशी बुधवार, सक्करदऱ्याचा बाजार. त्याने किरकोळ रजा टाकली. बाबा दुपारी झोपून उठतील तेव्हा झाडं सरळ उभी दिसली पाहिजेत, असं त्याने ठरवलं. हा धक्का आनंदाचा होता, आणि वैद्यांनी तोही नको म्हटलं होतं. पण एवढ्यासाठी माणसाने काय बापाला खूशही करू नये?

हिशेब त्याने कागदावर केला. बांबू बारा फुटी. मधून तोडला की सहा फुटांचे दोन, आणि प्रत्येक चिरला की चार. एका बांबूच्या आठ काठ्या, दोन बांबूंच्या सोळा. लागणार अकरा. म्हणजे दोन बांबू पुष्कळ झाले.

आता इथेच घात झाला. हिरवे लांब बांबू कोणी दोन घेतं का? आपल्याकडे एक घ्यावा, तीन घ्यावेत, मांडववाला असला तर गाडीभर घ्यावेत. दोन घेतात ते एकाच कामासाठी, आणि त्या कामासाठी दुकानात शिरणाऱ्या माणसाला कोणी भाव सांगत नाही की प्रश्न विचारत नाही. हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. चंद्रभानला ठाऊक नसावं याचं कारण मात्र खरं आणि साधं होतं. घरात मौत झाली की ही खरेदी गल्लीतले लोक करतात, घरच्या माणसाला कोणी जागचं हलू देत नाही. सहा वर्षांपूर्वी आई गेली तेव्हा तो तिच्या पायांशी बसून होता. सामान कोणी आणलं, कुठून आणलं, त्याने पाहिलंच नव्हतं. तिरडी त्याने पाहिली होती ती बांधलेली, आणि तीही डोळ्यांत पाणी असताना.

बाजाराच्या टोकाला कवडू बुरडाचं दुकान होतं. चंद्रभान तिथे जाऊन उभा राहिला. चार रात्रींची जागरणं चेहऱ्यावर होती, दाढी वाढलेली होती.

"दोन बांबू पाहिजे. लांब अन् सरळ. हिरवेच दे."

कवडूने टोपली विणता विणता वर पाहिलं आणि हातातलं काम खाली ठेवलं. "एकटेच आले, भाऊ?"

"एकटाच. मले भाऊ ना बहीण. अन् जरा घाई हाय गा, दुपारच्या आत सारं आटपाचं हाय."

कवडूने पुढे काही विचारलं नाही. आतून त्याने दोन सरळ बांबू निवडून आणले, शेजारी शेजारी ठेवून मापात सारखे केले, नीट बघून गाठी तासल्या. मग न मागता कामट्यांची एक मोळी आणि सुतळीचा गुंडा वर ठेवला. चंद्रभान मनात म्हणाला, काय जाणता माणूस आहे, झाडांना काय लागतं ते न सांगता कळलं याला! त्याने भाव करायला तोंड उघडलं तर कवडूने नुसते हात जोडले. "असू द्या भाऊ. मडकं समोर भेटते."

मडक्याचंही याला ठाऊक! चंद्रभान खूश झाला. समोरून मडकं घेतलं, बाजूच्या दुकानातून अडीच वार पांढरा मांजरपाट फाडून घेतला. घरात जुनी धोतरं होती, पण ती मागितली असती तर बाबांना कळलं असतं. सगळं सामान सायकलरिक्षात घातलं. बांबू पुढे-मागे हातहातभर बाहेर. मांडीवर मडकं, काखेत मांजरपाट, आणि चव्वेचाळीस वर्षांत पहिल्यांदा बापाचं मन जिंकायला निघालेला मुलगा.

रिक्षावाल्याने घंटी वाजवली नाही. वाटेत समोरून येणारा टांगा आपणहून बाजूला झाला. चक्कीपाशी बसलेल्या दोन म्हाताऱ्यांनी टोप्या काढल्या. एका दुकानदाराने गिऱ्हाईक सोडून कपाळाला हात लावला. आणीबाणीचे दिवस होते, शिस्तीच्या पाट्या जागोजागी लागल्या होत्या. चंद्रभानला वाटलं, काही म्हणा, लोक सुधारले खरे.

घराच्या वळणाला रिक्षा वळली आणि त्याला फाटकाशी माणसं दिसली.

दहा-पंधरा असतील. पुरुष कुंपणाशी खाली मान घालून उभे, बोडक्या डोक्यांनी. बायका पदर डोक्यावरून घेऊन पायरीच्या बाजूला बसलेल्या. कोणी बोलत नव्हतं. पुढचं दार बंद होतं. शेजारचा रुपराव सायकल भिंतीला टेकवून सगळ्यांच्या पुढे उभा होता, आणि त्याच्या खांद्यावर पंचा होता.

चंद्रभानने मडकं घट्ट धरलं. अशी माणसं घरापुढे एकाच वेळी जमतात. आई गेली तेव्हा अशीच जमली होती. सकाळी निघताना बाबा घोरत होते, तो पाया पडला नव्हता, की जातो असं सांगूनही निघाला नव्हता. दीड तास. दीड तास तो बाजारात हिंडत होता आणि तेवढ्यात सगळं उरकलं.

तेवढ्यात घरामागून प्रेमलताची किंकाळी आली. त्याचंच नाव घेऊन ती ओरडली, "चंद्रभान! अवो चंद्रभान!" मग नुसतं रडणं.

मडकं मांडीवरून खाली पडलं आणि फुटलं. चंद्रभान रिक्षातून उतरला की पडला ते त्याचं त्यालाच कळलं नाही. फाटकात शिरताच तो मातीतच बसला. रुपराव धावत आला, त्याने त्याला मागून धरलं.

"धीर धर गा चंद्रभान. धीर धर. आम्ही हावो ना सारे."

"कवा?" चंद्रभानने विचारलं. "कवा झालं गा रुपराव?"

रुपराव गोंधळला. त्याने बाकीच्यांकडे पाहिलं. दुःखाने माणसाचं डोकं ठिकाणावर राहत नाही, हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. "तूच त सामान आनाले गेला ना बावा," तो समजुतीच्या सुरात म्हणाला. "मी पाह्यलं तुले बुरडाच्या दुकानात. मले काहून नाही सांगतलं? अशा कामाले कोणी एकटं जाते काय?"

चंद्रभानला यातलं एक अक्षर समजलं नाही. तो हमसून हमसून रडू लागला. मरणाआधी बाबांनी पाणी मागितलं असेल का, कोणी दिलं असेल का, शेवटी त्यांनी माझं नाव घेतलं असेल की झाडांचं, हेच डोक्यात फिरत होतं. दोन माणसांनी त्याला दंडाला धरलं. बायकांतल्या एकीने त्याचं पाहून रडायला सुरुवात केली, मग सगळ्याच रडू लागल्या.

आणि पुढचं दार उघडलं.

कडीला चिंध्या होत्या, त्यामुळे आवाज झाला नाही. आधी कोणी पाहिलंच नाही. मग एक म्हातारी रडता रडता थांबली आणि तिची दातखीळच बसली. रामाजी गार्ड उंबऱ्यात उभे होते. अंगात बंडी, कमरेला अर्धवट सुटलेलं धोतर, पायात काही नाही. एका हाताने चौकट धरली होती. महिनाभर ज्या माणसाला उठून बसायला दोघं लागत होती, तो दोन खोल्या ओलांडून एकटा आला होता.

कोणीतरी "अगाई!" म्हणालं. दोन गडी कुंपणावरून पलीकडे उडी मारून पळाले, त्यातल्या एकाची चप्पल अलीकडेच राहिली. रुपरावच्या हातातून चंद्रभान सुटला. चंद्रभानला ओरडायचं होतं, पण आवाज निघेना. मेलेल्या बापाला पायऱ्या उतरताना पाहायची वेळ वैऱ्यावरही येऊ नये.

रामाजींनी त्या माणसांकडे पाहिलं नाही. त्यांची नजर रिक्षातल्या बांबूंवर होती. एक पायरी, दुसरी पायरी, मग माती. ते चालत रिक्षापर्यंत गेले. बांबूंवर त्यांनी हात ठेवला. मांजरपाटाचं पुडकं उचललं आणि तसंच ठेवलं. मग रिक्षावाल्याला विचारलं, अगदी हळू, जसं गाडी किती वाजता आहे हे विचारावं तसं.

"कुठी ठेवलं त्याले?"

रिक्षावाला हँडल सोडून दोन पावलं मागे सरला.

"माह्या पोराले कुठी ठेवलं गा? दवाखान्यात हाय काय? मले दाखवा. मी बाप हावो त्याचा."

तेव्हा चंद्रभानच्या घशातून आवाज निघाला. "बाबा!"

रामाजी वळले. मातीत बसलेला, नाक-डोळे गळत असलेला मुलगा त्यांना दिसला. ते पाहतच राहिले. त्या क्षणी दोघांच्याही समोर मेलेला माणूस होता, आणि पुढे जायची दोघांचीही हिंमत होत नव्हती.

"मी हावो ना, बाबा. इथीच हावो. मले काहीच नाही झालं," चंद्रभान म्हणाला, आणि म्हणता म्हणता त्याला कळलं की ज्याला आपण हे सांगतोय तोही जिवंत आहे.

रामाजी आले आणि त्याच्यासमोर मातीत बसले. त्यांनी त्याचं तोंड चाचपलं. डोकं, कान, खांदे, दंड, छाती. मोडलंय का काही, रक्त आहे का कुठे, असं बघतात तसं सगळं चाचपलं. मग त्यांच्या उजव्या हाताने चंद्रभानचं मनगट धरलं.

प्रेमलता घराला वळसा घालून धावत आली, तिच्यामागून शेजारची कुसुमताई. नवऱ्याला पाहिलं आणि ती विहिरीवरच्या ओल्या लुगड्यासकट मटकन खाली बसली.

मग हळूहळू उलगडा झाला. रुपराव बाजारात चहा पीत होता. त्याने चंद्रभानला कवडूकडून दोन हिरवे बांबू घेताना पाहिलं, मग मडकं, मग पांढरा कपडा. आणखी काय पाहायचं? अशा वेळी माणसाला हाक मारत नाहीत. चहा अर्धा टाकून त्याने सायकल मारली आणि घरोघर सांगितलं की रामाजी गार्ड गेले, पोरगा बिचारा एकटाच सामानाला हिंडून राहिला. दार बंद होतं, आत सगळं शांत होतं. मयताच्या घरात घरचा माणूस येईपर्यंत गलका करू नये म्हणून कोणी दार वाजवलं नाही. फक्त कुसुमताई मागच्या बाजूने विहिरीवर गेली आणि कपडे धुणाऱ्या प्रेमलताला पोटाशी धरून म्हणाली, "जे झालं ते झालं वं बाई. आता तुलेच सावरा लागते."

प्रेमलताने पाच मिनिटांपूर्वी सासऱ्याला काढा पाजला होता. तो माणूस आत झोपला आहे हे तिला ठाऊक होतं. मग गेलं कोण? घराबाहेर एकच माणूस होता.

"अन् म्या येड्यावानी..." प्रेमलता बोलता बोलता थांबली आणि तिने पदर तोंडावर ओढून घेतला. वीस वर्षांच्या संसारात तिने नवऱ्याचं नाव उखाण्याशिवाय कधी घेतलं नव्हतं.

"अन् कामट्या कायले? मडकं कायले?" रुपरावने चंद्रभानला विचारलं. त्याचा आवाज आता रडवेला झाला होता.

"झाडं बांधाले," चंद्रभान म्हणाला. "बाबाची झाडं."

सगळ्यांनी कुंपणाकडे पाहिलं. अकरा डेलिया मातीवर कलंडून पडले होते, आणि जमलेल्या पायांनी त्यातले दोन तुडवलेही गेले होते. आधी कोणीतरी फिस्सकन हसलं. मग हसू आवरेना. मघाची म्हातारी डोळे पुसत हसत होती. पळालेले दोघं परत आले, एकाने आपली चप्पल शोधली. "खोटी बातमी उठली का आयुष्य वाढते, गार्डसाहेब," कोणी म्हणालं. कुसुमताईने तेवढ्यात फर्मान काढलं की ते बांबू फाटकाच्या आत आणायचे नाहीत, तसेच नाल्यात टाकून या.

"टाकू नका," रामाजी म्हणाले. त्यांचा श्वास पुरत नव्हता, तरी ते बोलले. "अजून एक आनून त्यात ठेवा. तीन होतेत मंग." मग चंद्रभानकडे न पाहता म्हणाले, "दोन काहून आनले? डेलियाले काठी सात फुटाची लागते. तुले काही येत नाही."

पुन्हा हसू फुटलं, पण ते मधेच तुटलं. रामाजींचे ओठ काळेनिळे दिसत होते. कपाळावर घाम आला होता, थंडीच्या दिवसात. चंद्रभानला आता आठवलं. वैद्यांनी एका धक्क्याचं काम म्हटलं होतं, आणि इथे बापाला पोराच्या मरणाचा धक्का बसला होता. तोही त्याने, स्वतःच्या हाताने, रिक्षात घालून आणला होता.

रुपराव पुन्हा सायकलवर बसला, या वेळी देवाजी वैद्यांकडे. बाकीच्यांनी रामाजींना उचलून पडवीत सतरंजीवर निजवलं. चंद्रभानला मनगट सोडवता येईना, म्हणून तोही तसाच वाकून चालला आणि शेजारी बसला. प्रेमलताने तळपाय घासायला घेतले.

"बाबा, तुम्ही उठले कशाले?" चंद्रभानने विचारलं. "वैद्यबुवांनं सांगतलं होतं ना."

रामाजी छताकडे पाहत होते. "सुनेनं तुह्यं नाव घेतलं," ते म्हणाले. "बाई असं नाव घेते त काय झालं असन? मी रेल्वेत लय पाह्यलं." मग त्यांनी विचारलं, "तुले बी वाटलं, मी गेलो?"

"हो."

"रडला?"

"हो बाबा."

"मी नाही रडलो. मले रडाले टाइमच नाही भेटला. म्हनलं, पहिले पोराले पाहू दे. मंग जे व्हायचं ते होवो."

चव्वेचाळीस वर्षं ज्या माणसाच्या तोंडून एक बरा शब्द निघावा म्हणून चंद्रभान तरसला होता, तो माणूस आपली फाटकी छाती घेऊन त्याला शोधायला चालत आला होता. हे कळायला असा प्रसंग यावा लागतो, याची त्याला शरम वाटली, आणि त्या शरमेत इतका आनंद मिसळला होता की त्याला स्वतःचीच भीती वाटली. कारण रामाजींचा श्वास अजून तुटक येत होता.

अर्ध्या तासाने देवाजी वैद्य आले. वाटेत रुपरावने सगळं सांगितलेलं असावं, कारण त्यांचा चेहरा संतापाने लाल झाला होता. चंद्रभानकडे त्यांनी असं पाहिलं की त्याने मान खाली घातली. मग ते सतरंजीशी बसले, छातीला कान लावला, डोळ्याची पापणी खाली ओढून पाहिली.

"हात द्या, गार्डसाहेब."

रामाजींनी डावा हात पुढे केला.

"पुरुषाची नाडी उजव्या हाताची पाहतेत," वैद्य चिडून म्हणाले. "तुम्हाले काय माहीत नाही? महिनाभर मी कोणत्या हाताची पाहून राहिलो? उजवा द्या."

उजवा हात चंद्रभानच्या मनगटावर होता. बोटं इतकी आवळलेली की चंद्रभानच्या कातडीवर वळ उठले होते.

"बाबा, सोडा जरासं," चंद्रभान म्हणाला. "मी कुठीच नाही जात. वैद्यबुवाले नाडी पाहू द्या."

"नाही," रामाजी म्हणाले. "पाहाची असन त याच हाताची पाहा. तो हात मोकळा नाही."

मग देवाजी वैद्यांनी चाळीस वर्षांत कोणा पुरुषाची पाहिली नव्हती ती डाव्या हाताची नाडी धरली आणि डोळे मिटले. पडवीत पंधरा माणसं उभी होती. चंद्रभान वैद्यांच्या तोंडाकडे पाहत होता.

"चालली हाय," शेवटी देवाजी वैद्य म्हणाले. "बराबर चालली हाय."